भोपाळच्या गॅलरीतली गुढी

३० मार्च २०२५. रविवार. शके १९४७ त्या दिवशी सुरू झालं आणि आमच्या गॅलरीत गुढी उभी राहिली. समोरच्या भाभींनी त्याच सकाळी घट बसवला, कारण इकडे तो चैत्र नवरात्राचा पहिला दिवस आणि विक्रम संवत २०८२ चाही. खालच्या मजल्यावर तेलुगू अम्मांकडे उगादी होती. बैरागढला माझ्या सिंधी मैत्रिणीच्या घरी चेटीचंड होतं. आणि जुन्या शहरात राहणाऱ्या, माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या आपांचा तो एकोणतिसावा रोजा होता. संध्याकाळी चंद्र दिसला आणि सोमवारी ईद झाली.

मी मूळची नाशिकची. लग्नानंतर भोपाळला आले आणि इथल्या एका शाळेत भूगोल शिकवू लागले. माहेरी पाडव्याला काही समजावून सांगावं लागत नसे. गल्लीत प्रत्येक घरावर गुढी असायची, गाठी कोपऱ्यावर मिळायच्या, श्रीखंडाच्या दुकानापुढे रांग लागायची. इथे आमच्या इमारतीत गुढी एकच, आमची. ती पाहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न पडतात, आणि त्या प्रश्नांतूनच माझ्या इथल्या मैत्री सुरू झाल्या. घरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना आपला सण नव्या शेजाऱ्यांबरोबर, सहकाऱ्यांबरोबर साजरा करावासा वाटतो. तो कसा करावा, याबद्दल भोपाळने मला जे शिकवलं ते सांगण्यासाठी हा लेख.

सगळेच कुठून तरी आलेले

मराठ्यांचा आणि भोपाळचा संबंध शाळेच्या पुस्तकात येतो तो लढाईचा. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावांनी निजामाला इथे कोंडीत पकडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहाचा तह झाला. पण आजच्या भोपाळमधली मराठी घरं त्या फौजेबरोबर आलेली नाहीत. बरीचशी आली ती सरकारी फायलींबरोबर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ त्याची राजधानी ठरलं. त्याआधी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तर मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर आणि इंदूरहून चाले. या तिन्ही शहरांत मराठी माणूस कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये मोठ्या संख्येने होता. कचेऱ्या हलल्या तशी ही कुटुंबंही भोपाळला आली. सरकारी घरांची जी मोठी वसाहत उभी राहिली तिला नाव मिळालं तात्या टोपे नगर. आज सगळे तिला टी. टी. नगर म्हणतात.

त्याच वर्षी, १९५६ मध्ये, विजेची अवजड यंत्रं बनवण्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना भोपाळला उभा राहिला. पुढे तो भेल या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा भागांतल्या वसाहतींत आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब अशा सगळ्या प्रांतांची माणसं शेजारी शेजारी राहायला आली. आमच्या अम्मांचे यजमान तिथूनच निवृत्त झाले. बैरागढची गोष्ट त्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आसरा मिळाला. आज त्या भागाचं अधिकृत नाव संत हिरदाराम नगर आहे आणि कापडाच्या घाऊक बाजारासाठी तो प्रसिद्ध आहे. माझ्या मैत्रिणीच्या आजी अशाच एका बराकीत राहिलेल्या.

म्हणून भोपाळमध्ये आपला सण दुसऱ्याला सांगणं ही कुणा एकाची हौस नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या लोक ते करत आले आहेत. फक्त आपांचं घराणं नवाबी काळापासूनचं. त्या हसून म्हणतात, ‘आप सब तो हमारे मेहमान हैं.’

कडुनिंब कशाला, तांब्या उलटा का

गुढी पाहून इथली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला कडुनिंबाचा. या भागात घरात कुणाला कांजिण्या आल्या की ‘माता आली’ म्हणतात आणि दाराला कडुनिंबाची डहाळी लावतात. बाहेरच्यांनी जपून राहावं म्हणून ती खूण असते. आमच्या गॅलरीतली डहाळी पहिल्यांदा पाहिल्यावर भाभींनी हळूच विचारलं होतं, ‘घर में सब ठीक तो है? किसी को माता तो नहीं निकलीं?’ मी त्यांना आत नेलं आणि वाटीतला प्रसाद दाखवला: कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं, गूळ, भिजवलेली हरभरा डाळ, ओवा, मिरी, हिंग, मीठ, थोडी चिंच. चैत्रात कडुनिंबाला नवी तांबूस पालवी फुटते, पांढरा मोहर येतो आणि ऊनही तापायला लागतं. वर्षाची सुरुवात या कडू-गोड घासाने करायची, आणि उन्हाळ्यात अंगाला तो मानवतो, असं आमच्याकडे मानतात. भाभींनी एक पान चावलं, तोंड वाकडं केलं आणि वर गूळ मागून घेतला.

दुसरा प्रश्न तांब्याचा. भाभींच्या घटातला कलश जमिनीवर बसवलेला असतो. त्यात पाणी, तोंडावर आंब्याची पानं, वर नारळ, आणि भोवती मातीत पेरलेले जव. अशा घरातल्या बाईला काठीवर उलटा घातलेला तांब्या खटकणारच. मी सांगते की गुढी हा ध्वज आहे. वेळूची काठी, तिच्या टोकाला रेशमी वस्त्र किंवा खण, कडुनिंब आणि आंब्याची डहाळी, फुलांचा हार, साखरेची गाठी, आणि सगळ्यांवर तांब्याचा कळस. विजयाची, आनंदाची, स्वागताची खूण म्हणून गुढी उभारण्याची रीत फार जुनी आहे. चोखोबांच्या अभंगातही गुढी येते. मग कथा विचारल्या जातात. ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली असं पुराणं सांगतात. राम अयोध्येला परतले तेव्हा गुढ्या उभारल्या असं घरोघरी सांगतात. शालिवाहनाच्या विजयाचीही कथा आहे. त्याच्या नावाचा शक इ. स. ७८ पासून मोजतात. इमारतीतल्या मुलांना मी तिन्ही कथा सांगते आणि त्यांना कुठली आवडली ते विचारते. शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत केल्याची कथा दर वेळी जिंकते.

सामान जमवताना शेजारच्या रीतींचाच उपयोग होतो. गाठी भोपाळच्या बाजारात पाडव्याला शोधून मिळत नाही. पण माळव्यात आणि बुऱ्हाणपूरकडे होळीला साखरेचे हार-कंगन बनतात आणि लहान मुलांना देतात. आपल्या विदर्भातही होळीला गाठी देण्याची पद्धत आहे. करण्याची रीत तीच: साखरेचा पाक लाकडी साच्यात दोऱ्यावर ओतायचा आणि वाळू द्यायचा. म्हणून मी गाठी होळीआधीच घेऊन डब्यात ठेवते. आंब्याची पानं भाभी आणतात, कारण त्यांना घटासाठी ती लागतातच. वेळूची काठी टोपल्या विणणाऱ्या एका मावशींकडून येते. त्यांना आता माप सांगावं लागत नाही.

जेवायला बोलवावं, तर उपास

पाडव्याला जेवायला बोलवायचं म्हटलं की माझ्या मनात ताट ठरलेलं असतं: पुरणपोळी किंवा श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभात. पण भोपाळमध्ये त्या दिवशी निम्म्या घरांत अन्न शिजत नाही. भाभींचे नऊ दिवसांचे उपास त्या सकाळी सुरू होतात. काही जण नऊही दिवस करतात, काही फक्त पहिला दिवस आणि अष्टमी. आपांचा रोजा असतो, तेव्हा सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. अम्मा जेवतात, पण उगादीला त्यांच्याच घरी बोब्बट्लू होतात, म्हणजे आपल्या पुरणपोळीची तेलुगू बहीण. बैरागढची मैत्रीण मिरवणुकीच्या गडबडीत.

म्हणजे आपण मेजवानी मांडायची आणि पाहुण्यांनी नुसतं बघायचं, असा प्रसंग. इथेच मला वाटतं की आपला सण दुसऱ्याला द्यायचा तर आपलं ताट सजवणं नंतर येतं. आधी त्या दिवशी त्याच्या घरी काय आहे हे विचारून घ्यायला हवं. भाभींशी बसून मी त्यांच्या उपासाचे नियम समजून घेतले. आपल्याकडे उपासाला साधं मीठ चालतं. त्यांच्याकडे सैंधवच लागतं. हळद आणि हिंग नाही. साबुदाणा चालतो, आणि भोपाळ-इंदूरकडची साबुदाण्याची खिचडी, वर फराळी चिवडा घातलेली, आपल्याइतकीच त्यांचीही झाली आहे. वरीच्या तांदळाला इकडे मोरधन म्हणतात. शिंगाड्याचं आणि कुट्टूचं पीठ चालतं. पुरणपोळीला मात्र वाव नाही, कारण डाळ आणि गहू दोन्ही वर्ज्य.

श्रीखंडाला मात्र काहीच आड येत नाही. दही, साखर, केशर, वेलची, चारोळी. ते भाभींच्या उपासाला चालतं आणि आपांच्या इफ्तारलाही. म्हणून भोपाळमधल्या माझ्या पाडव्याचं मुख्य पक्वान्न श्रीखंडच ठरलं. तयार चक्का इथे सहजी मिळत नाही. आदल्या दिवशी साँची डेअरीचं दही आणून मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगते, सकाळी घोटते आणि पुरणयंत्रातून काढते. चारोळी इथलीच, मध्य प्रदेशाच्या जंगलातली. नाशिकला दुकानातून पुडीत येणारी चारोळी इथे आदिवासी बायका गोळा करतात हे मला भोपाळला येऊनच समजलं. घरच्यांसाठी पुऱ्या तळते, भाभींसाठी शिंगाड्याच्या पिठाच्या. कडुनिंबाच्या प्रसादाची एक वाटी डाळ-हिंगाशिवाय, सैंधव घालून वेगळी करते. आपांचा डबा संध्याकाळी सहाच्या आत त्यांच्या घरी पोहोचतो.

परतफेड मागावी लागत नाही. अम्मांकडून उगादी पच्चडी येते: कडुनिंबाची फुलं, गूळ, चिंच, कैरी, मीठ, मिरची. सहा चवी, येणाऱ्या वर्षातल्या सहा तऱ्हेच्या दिवसांसाठी. आमच्या प्रसादाशी तिचं नातं अम्मांना सांगावं लागलं नाही. अष्टमीला भाभींच्या कन्यापूजनात माझ्या मुलीला पाटावर बसवून पाय धुतात, हलवा-पुरी-चणे वाढतात, ओढणी देतात. नाशिकमध्ये वाढलेल्या मला ही रीत नवी होती. माझ्या मुलीला ती जन्मापासूनची आहे.

एका दिवशी इतके सण का

भूगोल शिकवत असल्यामुळे मुलांचा हा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर आकाशात आहे. अमावास्या झाली की चंद्र पुन्हा वाढू लागतो, आणि मार्च-एप्रिलमधल्या या अमावास्येपासून आपण, तेलुगू, कानडी, सिंधी आणि काश्मिरी पंडित असे सगळे नवं वर्ष धरतो. उत्तरेतल्या पंचांगात एक फरक आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशीच भाभींचा चैत्र लागतो आणि आमचा फाल्गुन अजून पंधरा दिवस चालतो. रंगपंचमी आमच्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी, त्यांच्यात चैत्र कृष्ण पंचमी; रंग मात्र भोपाळभर एकाच दिवशी उडतो. शुक्ल पक्षाला तर हा फरकही उरत नाही. त्यामुळे आमचा पाडवा आणि त्यांचा घट बरोबर एकाच सकाळी येतात.

चेटीचंड चंद्रावर ठरतं. झूलेलालांचा हा जन्मोत्सव अमावास्येनंतर नवी कोर दिसते त्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेला असतो. पाडवा सूर्योदयाच्या तिथीवर धरतात, चेटीचंड संध्याकाळच्या चंद्रावर. म्हणून कधी दोन्ही लागोपाठच्या दिवशी येतात, कधी एकाच दिवशी. २०२५ मध्ये दुपारी पाऊणच्या सुमारास प्रतिपदा संपून द्वितीया लागली, आणि सकाळी गुढी व संध्याकाळी चेटीचंडाची कोर असं एकाच दिवशी झालं. बैरागढच्या रस्त्यांवर बहराणा निघाला: थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं, विडा, आणि पुढे छेज नाचणारी माणसं. ही ज्योत शेवटी पाण्याकडे न्यायची, कारण झूलेलाल पाण्याचे देव. सिंधू नदी सुटली तरी त्यांनी देव सोडला नाही. भोपाळच्या तलावांवर ती पूजा चालू राहिली. मैत्रिणीने मला ताहिरी दिली, गूळ आणि बडीशेप घातलेला गोड भात.

आणि आपांची ईद? इस्लामी महिनाही नव्या कोरीपासूनच सुरू होतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून बारा महिन्यांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं होतं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. आपण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून हा फरक भरून काढतो, त्यामुळे पाडवा कायम वसंतातच राहतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही. म्हणून रमजान दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२३ मध्ये पाडव्याच्या सुमारास रमजान सुरू झाला. त्या वर्षी अधिक श्रावण आला, आणि २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला, ईद ११ एप्रिलला अशी जोडी जमली. २०२५ मध्ये तर ३० आणि ३१ मार्च. त्या रविवारी संध्याकाळी सिंधी घरांतून जी कोर पाहिली, तीच जुन्या भोपाळच्या गच्च्यांवरून पाहिली आणि ईद जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी पाठवलेला शीरखुर्मा आम्ही खाल्ला. भाभींनी त्यातला खजूर आणि बदाम वेगळे मागवून घेतले, कारण शेवया त्यांच्या उपासात बसत नव्हत्या. आपांनी ते आठवणीने आधीच बाजूला काढून ठेवले होते.

शनिवार-रविवारचा सण

परदेशातल्या माझ्या नात्यातल्या मुली सांगतात की तिकडे पाडवा शनिवारी किंवा रविवारी सरकवतात, कारण सुट्टी आणि हॉल दोन्ही तेव्हाच मिळतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं. अशा संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या सण जिवंत ठेवले आणि त्यासाठी तारखेची तडजोड केली, हे मला मोलाचं वाटतं. माझं त्यांना एवढंच सांगणं असतं की मंडळाचा कार्यक्रम शनिवारी होऊ दे, पण खऱ्या तिथीला घरात एक छोटी गुढी उभारा आणि शेजारच्या एका तरी घराला बोलवा. त्या दिवशी त्यांच्याकडे उपास आहे का, काय खातात, काय खात नाहीत, हे आधी विचारा. इराणी शेजारी असेल तर त्याचा नवरोज मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला असतो. तोही तुमच्यासारखाच वसंतात वर्ष सुरू करतो. आपल्या सणाची गोष्ट सांगायला याहून चांगली सुरुवात कुठली?

एक भीती मला कधी कधी ऐकायला मिळते: दुसऱ्याच्या नियमात बसवायला गेलं की आपला सण पातळ होतो. माझा अनुभव तसा नाही. शिंगाड्याच्या पुऱ्या तळल्या म्हणून माझी गुढी कमी मराठी झाली नाही. उलट का करतो, कसं करतो, कधी करतो, हे मला इथे येऊनच नीट कळलं, कारण इथे रोज कुणीतरी विचारणारं होतं. माझी मुलगी आज गुढीची प्रत्येक वस्तू नावानिशी सांगते, कारण तिने ती भाभींच्या मुलांना समजावून दिली आहे. सुट्टीत नाशिकला गेली की तिथल्या भावंडांनाही ती हेच सांगत बसते.

पुढे पाडवा आणि ईद पुन्हा एकमेकांपासून लांब जाणार आहेत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला येईल आणि रमजान ईद त्याच्या सुमारे महिनाभर आधीच होऊन गेलेली असेल. त्या वर्षी आपांना रोजा नसेल. मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे की डबा पाठवणार नाही, दुपारी बाराला घरी या, गरम पुऱ्या खायच्या आहेत. भाभींचा घट तेव्हाही पाडव्यालाच बसणार, म्हणून शिंगाड्याचं पीठ आणावंच लागेल.